निमोण्याची हवा, दौंडचं सोनं

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात, युरोपचे दहा देश दहा दिवसांत उरकून लिहितात. मी शिरूर ते दौंड लिहिते आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे पुढे मध्ये मध्ये थांबायला नको. मोटारीने दोन तासही लागत नाहीत त्या वाटेला. आम्हाला दोन दिवस लागले आणि त्यातला अर्धा दिवस एका टायरने खाल्ला.

ही भारनियमनाच्या वर्षांतली गोष्ट, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. प्रवासी दोन. एक आमचे हे, सायकलवर. दुसरी मी, मागून स्कूटीवर, गोळ्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि ह्यांनी स्वतः बनवलेलं एक यंत्र घेऊन. अशी वरात तुम्ही पाहिली नसेल. शिरूरच्या बाजारपेठेत एका फुलवालीने मला थांबवून विचारलंच, "मावशी, म्होरं गेलं ते तुमचं मालक का? मग गाडीवर घ्या की त्यास्नी!"

घेतलं असतं हो. पण मग जाण्यात अर्थच नव्हता.

ह्यांची आई लवकर गेली. ह्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने, अक्कांनी. अक्का लग्न होऊन दौंडला गेल्या, यजमान रेल्वेत, तेव्हापासून दर दसऱ्याला हे शिरूरहून सायकलने जायचे आणि अक्कांच्या हातावर आपट्याची पानं ठेवायचे. ह्यांचं सोनं हातात पडल्याशिवाय अक्का दुसऱ्या कुणाचं घेत नसत. पुढे आम्ही पुण्यात आलो, तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी एसटीच्या टपावर सायकल टाकून शिरूर गाठायचं आणि तिथून पायडल मारायचं, हा नेम सुटला नाही. मग ह्यांची बायपास झाली. त्या वर्षी दसरा दवाखान्यात गेला. पुढच्या वर्षी आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. मी ह्यांना हाताला धरून उतरवलं, खुर्चीत बसवलं, दिवसभर उठू दिलं नाही. मला वाटलं, केवढी मी काळजी घेते.

त्याच्या पुढच्या श्रावणात अक्कांच्या मुलाचा फोन आला. अक्कांच्याही छातीत तेच दुखणं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, लवकर करा. अक्का म्हणतात, मरेन पण चिरून घेणार नाही. "माझ्या भावाचं काय झालं, बघितलं न्हवं का म्या? वाघासारखा गडी. चिरला आन् खुर्चीत बशीवला." फोन ठेवून हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "अगं, मला दसऱ्याला सायकलने गेलं पाहिजे." मी नाही म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून. सायकल हलकी हवी, गिअरची हवी, दोन दिवसांत सावकाश जायचं, जोर लावून हवाबिवा भरायची नाही. सायकल मुलाने परदेशातून आणली होती. तिच्या टायरात ट्यूब नाही. आता हे प्रकरण मला जसं समजलं तसं सांगते. कुकरची रिंग नीट बसली नाही की वाफ कडेकडेने जाते आणि शिट्टी म्हणून होत नाही, बघा. ह्या टायरचंही तसंच. त्याचे दोन्ही काठ चाकात घट्ट बसले तरच हवा आत राहते. एकदा का काठ निसटले की साध्या पंपाने कितीही हाणा, एकीकडून भरते आणि दुसरीकडून जाते. एकदम भसकन हवेचा लोट गेला तरच काठ उडी मारून जागेवर बसतात.

तो लोट मारायचं यंत्र हे. कारखान्यात टूलरूमला जन्म घालवलेला माणूस, तयार वस्तू विकत घेईल तर शपथ. आधी माझा पाच लिटरचा कुकर पळवला, तो मी हिसकावून घेतला. मग कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्या, त्यांना नळ्या, नळ्यांना चावी. बाटलीत पंपाने हवा कोंबून ठेवायची आणि चावी एका झटक्यात उघडायची. पहिली बाटली आमच्या गच्चीत फुटली तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा चप्पल न घालता रस्त्यावर आले. तरी यंत्र तयार झालं आणि त्याचा ह्यांना इतका अभिमान की विचारू नका.

निमोणे, खंडेनवमी

शिरूर सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडूची शेतं लागली. काही तोडलेली, काहींत बायका वाकून तोडत होत्या. बाजरी निघाली होती, कणसं खळ्यावर आणि ताटं बांधाला. ह्यांची पाठ मला पुढे दिसत होती, पांढरा शर्ट, हळूहळू वरखाली होणारे गुडघे. दोन वर्षांत मी ती पाठ अशी ताठ पाहिली नव्हती. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी स्कूटीवर मोठ्याने गाणं म्हणायला लागले. माझा आवाज ऐकून एक म्हैस रस्ता सोडून खाली उतरली.

निमोण्याच्या अलीकडे बाभळीचा काटा लागला. चांगला बोटाएवढा. ह्यांनी भोक बुजवलं, पण तोवर टायर पार बसला होता आणि दोन्ही काठ सुटले होते. सायकल ढकलत गावात आलो. चौकात पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार दारात बसून आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होता. मागे त्याचा कॉम्प्रेसर धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून बसलेला.

"आज न्हाई, काका," तो म्हणाला. "आज त्यो देव हाय. आन् तसाबी करंट न्हाई."

पुण्यात आम्हीही खंडेनवमीला स्क्रूड्रायव्हरला फूल वाहतो आणि तासाभराने त्यानेच मिक्सर उघडतो. इथे तसं चालत नाही. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी शीव ओलांडून येईपर्यंत उचलायचं नाही. विळा नाही, कुदळ नाही, पाना नाही. "साधी ट्यूब घाल मग," मी म्हणाले, तर ह्या परदेशी चाकाला भोकच इतकं बारीक की इकडच्या ट्यूबचं तोंड त्यात शिरेना.

"काही अडत नाही," हे ऐटीत म्हणाले. "आमची हवा आमच्याबरोबर आहे."

मुक्काम ह्यांच्या मामेभावाकडे होता. आप्पा म्हणजे उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. त्यांची बायको मालनवहिनी त्यांच्या वाटचंही बोलते. गेल्या गेल्या बाजरीची भाकरी, घेवड्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि वर घटापुढे टांगायच्या कडाकण्यांतल्या चार मोडक्या माझ्या हातावर. "मोडक्या देवाला चालत न्हाईत, ताई. आपल्याला चालत्यात." गूळ घातलेली ती कुरकुरीत कडाकणी मी उभ्यानेच संपवली. जेवण झालं तसं मी ह्यांना गोळी दिली आणि दामटून आडवं केलं. ह्यांनी यंत्र, पायपंप आणि पाने पडवीत मांडून ठेवले होते, उठल्यावर कामाला लागायचं म्हणून. मीही जरा लवंडले.

उठलो आणि पडवीत आलो. भिंतीशी पाट मांडला होता. पाटावर कोयता, खुरपी, कुऱ्हाड, मोटारीचा पाना, फवारणीचा पंप, आप्पांचा दाढीचा वस्तरा. आणि सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागेवर, ह्यांचं यंत्र. दोन्ही बाटल्यांना हळदकुंकवाची बोटं, चावीला झेंडूची माळ, नळीला तांदूळ चिकटलेले. पायपंपाला सुद्धा गंध. पुढे निरांजन.

मालनवहिनी पदराला हात पुसत आल्या. तोंडावर केवढं समाधान! "पाव्हण्याचं हत्यार बिनपूजेचं ठिवायचं व्हय? सगळ्यात आधी त्याचीच केली."

रागवावं तर त्या माउलीने कौतुकाने केलेलं. न रागवावं तर उद्या दौंड कसं गाठायचं?

आप्पांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाटली हत्यार कवापासनं झाली गं?"

"म्या हळद लावली तवापासनं."

शेजारचे दोघे-तिघे जमले. बाटली हे हत्यार की भांडं, यावर वाद झाला. एकाचं म्हणणं, भांड्याला सुटका आहे, भांडं आज चालतं. दुसरा म्हणाला, मग त्यातून पाणी पिऊन दाखवा. सायकल मात्र वाचली होती, कारण वाहनांची पूजा दसऱ्याच्या सकाळी आणि पूजा झाली की नारळ फोडून वाहन लगेच चालवायचं. म्हणजे चाक मोकळं आणि हवा अडकलेली. शेवटी मालनवहिनींचे डोळे भरले. "न्या उचलून, भावजी. माझं काय, मी देवाला हात जोडीन. मला काय ठावं, अक्कांचं असं हाय म्हनून."

हे पाटासमोर उकिडवे बसले होते. हात पुढे केला आणि मागे घेतला. "नाही वहिनी. अक्का खंडेनवमीला सुईसुद्धा उचलायची नाही. शर्टाचं बटण तुटलं तरी उद्या लावीन म्हणायची. तिच्याकडेच जायचं आणि तिचाच नेम मोडून?"

आप्पा आपली सायकल देतो म्हणाले. ती घोड्याएवढी लोखंडी सायकल. ह्यांच्या छातीला ती झेपणार नव्हती आणि हे मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. मला माहीत होतं, उद्या हे स्कूटीच्या मागे बसून दौंडला उतरले की अक्का काय बघणार. पुन्हा एकदा बायकोने आणलेला भाऊ.

"मी म्हंते," मालनवहिनी एकदम म्हणाल्या, "सुनंदाकडं का जात न्हाई? त्यांच्यात हत्यारं पुजत न्हाईत."

सुनंदाच्या अंगणात

सुनंदाचं घर बुद्धविहाराला लागून. विहारावर निळ्या झेंड्यांच्या माळा चढत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दारात दोरीवर पांढऱ्या साड्या वाळत होत्या. सुनंदा तिशीतली, कारेगावच्या बाजूला कंपनीत लाइनवर कामाला, बोलायला एकदम फटकळ. ह्यांनी "जय भीम" केला, तिने हसून "जय भीम, काका" म्हटलं आणि सगळी हकिगत ऐकून मालनवहिनींकडे वळली.

"काय वैनी, पाव्हण्याची हवा बी पुजली व्हय तुम्ही?"

"मर मेले," वहिनी म्हणाल्या. "पंप दे आधी."

पंप होता. तिचा नवरा कंपनीत सायकलने जाई. विहारातल्या कार्यक्रमासाठी आणलेल्या कोल्ड्रिंकची एक बाटली तिने आम्हा सगळ्यांना पेल्यात ओतून रिकामी केली. झाकणाला तापल्या खिळ्याने दोन भोकं पाडली, एकात जुन्या मोपेडच्या ट्यूबचं तोंड कापून बसवलं. नळीचं अडलं, तर ती म्हणाली, "ठिबकची चालंल का? कॉक बी हाय तिला." ह्यांचे डोळे चमकले. टूलरूममधला माणूस जागा झाला. मग ते दोघं त्या नळीवर असे वाकले की मी आणि वहिनी परक्याच झालो. ती म्हणे तार, हे म्हणत रबर. ती म्हणे आमच्या सुपरवायझरसारखं करू नका, काका.

पंप मारायला हे पुढे झाले, तर मी आडवी आले. "तुम्ही बसा." मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पदर खोचला आणि सुरू झाले. बाटली ताठ झाली, बोटाने वाजवली तर टणक. ह्यांनी नळी चाकाच्या तोंडाला लावली, मी धपापत बाजूला झाले, सुनंदाने कॉक फिरवला, आणि फटकन नळी निसटून हवेत सापासारखी नाचली! कोंबड्या उडाल्या, सुनंदाच्या सासूबाई "आगं आयाई गं" करत घरात पळाल्या आणि वाळत घातलेली एक पांढरी साडी मातीत आली. मग सुनंदाच पोट धरून हसायला लागली.

साडी पुन्हा धुतली. नळी तारेने दुहेरी आवळली. सुनंदाने टायरच्या काठांना साबणाचं पाणी चोळलं. पण माझे हात गेले होते. मी पंपाचा दांडा धरला आणि तो खाली जाईचना.

मालनवहिनी इतका वेळ लांब उभ्या होत्या. आज हत्याराला हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून. मला बघवेना त्यांची तगमग. एकदम पुढे आल्या.

"ह्यो पंप माझ्या पूजेतला हाय का?"

"न्हाई," सुनंदा म्हणाली. "बौद्धाचा हाय."

"मग सरा तिकडं!" वहिनींनी कासोटा आवळला आणि असा पंप हाणला की काय सांगू. आयुष्यभर विहिरीचा रहाट ओढलेले हात ते. बाटली फुगली, ह्यांनी नळी लावली, सुनंदाने कॉक फिरवला. भस्सकन आवाज झाला, टायर अंग झाडल्यासारखा थरथरला, आणि ठाक! थोडं थांबून पुन्हा, ठाक! दोन्ही काठ जागेवर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे तिथेच मातीत बसले आणि टायरला हात लावून राहिले. सुनंदा म्हणाली, "काका, रडता काय, उरलेली हवा भरा की." मी रडत नव्हते असं मी म्हणणार नाही. बाकीची हवा वहिनींनीच साध्या पंपाने भरली, कुणाला हात लावू न देता.

इनामगावच्या वाटेने

सकाळी सायकलची पूजा झाली. वहिनींनी नारळ फोडला, हँडलला माळ घातली. आप्पांनी बांधावरच्या आपट्याची फांदी हातानेच मोडून दिली. ह्यांचं यंत्र पाटावर फुलांत बसलेलंच होतं, त्याला नमस्कार करून आम्ही निघालो. सुनंदाची बाटली माझ्या स्कूटीच्या डिकीत. विहारापाशी ती पांढऱ्या साडीत उभी होती. ती मातीत पडलेलीच साडी होती का, ते मी विचारलं नाही. "फोन करा, काकू! हवा टिकली का सांगा."

इनामगावला घोड नदीच्या काठी थांबलो. इथल्या मातीतून हजारो वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुली निघाल्या, मडकी निघाली. आता बघायला गेलं तर पांढरी टेकाडं, काटेरी झुडपं आणि शेळ्या. हे म्हणाले, "तेव्हाही काहीतरी हत्यारं असतीलच." मी म्हटलं, "असतील. आणि कुणीतरी मालनवहिनी ती ऐन वेळी पूजेला बसवत असेल." हे इतके हसले की मी आधी घाबरून ह्यांच्या छातीकडे बघितलं. मग मला माझाच राग आला. हसू दे की माणसाला.

मांडवगणापुढे उसाचा पट्टा लागला, हवेत ओलसर गोड वास. चढ आला की हे उतरून चालत, मी काही बोलत नसे. दर मैलाला मागचं चाक बोटाने दाबून बघत. टणक. भीमेच्या पुलावर आलो तेव्हा लांबून रेल्वे इंजिनाची शिट्टी ऐकू आली, आणि हे लहान मुलासारखे मागे वळून म्हणाले, "दौंड!"

दौंड

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. उन्हं उतरली होती. शेजारच्या बायका सोनं घेऊन येऊन बसलेल्या आणि अक्कांचे हात मांडीवर मिटलेले. मी मुद्दाम मागे राहिले, गल्लीच्या तोंडाशी स्कूटी बंद करून.

ह्यांनी घंटी वाजवली. अक्कांनी मान वर केली. बघत राहिल्या. हे ओट्यापाशी उतरायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. "उतरू नगं. त्या लिंबापोत्तर जाऊन ये. मला चष्मा लावू दे."

हे लिंबापर्यंत गेले, वळले, आले. गल्लीतली सगळी माणसं उभी राहून बघत होती. ह्यांनी आपट्याची पानं अक्कांच्या हातावर ठेवली, पाया पडले. मग त्या म्हणाल्या, "दमलास का रं?"

"दमलो की. दमणार नाही होय? पण चाललं."

"चिरल्यालं दुखतंय का?"

"नाही अक्का. थंडीत जरा ओढल्यासारखं होतं. बास."

"दाव."

हे गोंधळले. भर गल्लीत! पण अक्कांपुढे ह्यांचं कधी चाललंय? शर्टाची वरची बटणं काढली. छातीच्या मधोमध ती उभी रेघ. अक्का तिच्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या. मग त्यांनी ओट्यावरचं पूजेचं ताट ओढलं, ज्यात आदल्या दिवशी घरातला अडकित्ता, विळी पुजून हळद उरली होती. बोट बुडवलं आणि त्या रेघेवर वरून खालपर्यंत हळद लावली. वर कुंकवाचं एक बोट.

"येवढं काम केलं ह्यानं," त्या म्हणाल्या, "आन् कुणी पुजलं न्हाई ह्याला."

मी तोवर ओट्यापाशी येऊन उभी होते. माझ्याने काही बघवत नव्हतं आणि मान वळवताही येत नव्हती. अक्कांनी मुलाला हाक मारली, डॉक्टरांना फोन लाव म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, ठणठणीत आवाजात:

"पुढच्या दसऱ्याला मलाबी आशीच रेघ आसंल. तवा हळद तू लावायची. इसरशील, बघ."